बुणगे

२६ जुलैच्या, म्हणजे कारगिल विजय दिवसाच्या संध्याकाळी आमच्या सोसायटीत छोटासा कार्यक्रम असतो. कोपरखैरण्यातली जुनी वसाहत. मधल्या मोकळ्या जागेत ताडपत्री बांधायची, शंभरेक खुर्च्या मांडायच्या, मुलांची भाषणं, दोन-चार गाणी आणि शेवटी वसाहतीतल्या माजी सैनिकांना शाल-श्रीफळ. तीन वर्षांपूर्वी आमच्या आबांना, माझ्या वडिलांना, पहिल्यांदाच माईकसमोर उभं केलं. आबा बोलणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी आधी नंबर सांगितला, मग हुद्दा, मग नाव, 'जय हिंद' म्हणाले आणि बसायला वळले. तेवढ्यात पुढच्या रांगेतली सहावी-सातवीतली एक मुलगी उठून म्हणाली, "आजोबा, तुम्ही कारगिलला कुठल्या शिखरावर होता?"

"शिखरावर नव्हतो बाळा," आबा म्हणाले. "मी खाली रस्त्यावर होतो. गाडी चालवायचो."

मुलीला पुढे काय विचारावं कळेना. ती बसली. मागच्या खुर्च्यांवरून एक आवाज आला, फार मोठा नाही, पण ताडपत्रीखाली सगळ्यांना ऐकू जाईल इतका, "म्हणजे बाजारबुणग्यांत होते!" दोघे-तिघे हसले. कार्यक्रम पुढे सरकला. आबांनी शालीची नीट घडी केली, मांडीवर ठेवली आणि राष्ट्रगीत होईपर्यंत ताठ बसून राहिले.

घरी आल्यावर आईनं विचारलं, कसं झालं? आबा म्हणाले, चांगलं झालं, मुलं छान बोलली. मी काही बोलले नाही, पण रात्रभर तो शब्द माझ्या कानात होता. बोलणाऱ्या माणसाचा मला राग आला होता, तरी खरं दुखत होतं ते वेगळंच. हा शब्द मीही वापरला होता. कॉलेजात, ऑफिसात, कुणाला बिनकामाचं ठरवायचं असलं की सहज. माझे वडील चोवीस वर्षं जे काम करत होते, त्या कामाचं नाव माझ्याच भाषेत शिवी झालंय, हे मला चाळिशी उलटल्यावर कळत होतं.

बुणगे म्हणजे मुळात फौजेचं सामानसुमान, बाडबिस्तरा आणि ते वाहणारी, सांभाळणारी माणसं. फौजेबरोबर चालणारा बाजार आणि त्या बाजाराचे बुणगे. धान्य विकणारे वाणी, घोड्यांना नाल मारणारे नालबंद, खरारा करणारे मोतद्दार, पखालीतून पाणी आणणारे भिस्ती, रस्ता फोडणारे बेलदार, तंबू ठोकणारे फरास. हा सगळा बाजार एका सकाळी उठून गेला असता, तर संध्याकाळपर्यंत एकही घोडा पाण्याला लागला नसता. तरी शब्दाचा अर्थ खाली खाली घसरत 'निरुपयोगी गर्दी' इथवर आला. त्याला कारण पानिपत.

पानिपताबद्दल आपल्याला पाठ असतं ते पत्रातलं वाक्य. दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मी ते शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत म्हणून बक्षीस मिळवलं होतं. आता पुन्हा वाचायला बसले, तेव्हा माझं लक्ष मोत्यांवर राहिना. मी धान्य शोधत होते.

ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊसाहेबांनी कुंजपुरा घेतलं. तिथे अब्दालीसाठी साठवलेलं धान्य होतं, ते आयतं हाती आलं. फौज पोटभर जेवली. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून अलीकडे आला आणि मराठी फौज आणि दिल्ली यांच्या मधोमध बसला. त्या क्षणी रस्ता तुटला. पुढच्या जानेवारीतली लढाई मला तरी त्या दिवसापासूनच सुरू झालेली दिसते. गंगा-यमुनेच्या मधल्या दोआबात गोविंदपंत बुंदेले होते. उतारवयाचे, मूळ वसुलीचं काम करणारे कारभारी. आपल्या छावणीला रसद पोचवायची आणि अब्दालीची तोडायची, ही जबाबदारी त्यांच्यावर होती. डिसेंबरात त्यांच्यावर अचानक छापा पडला आणि ते मारले गेले. दिल्लीहून पैसा घेऊन निघालेली एक तुकडी अंधारात वाट चुकून थेट अब्दालीच्या छावणीत शिरली. त्यानंतर छावणीत उपास सुरू झाले. जनावरं मरू लागली, माणसं मिळेल तो पाला खाऊ लागली. शेवटी शिपायांनीच भाऊंना सांगितलं की उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. १४ जानेवारी १७६१ ला सकाळी जी फौज बाहेर पडली, तिच्या पोटात अन्न नव्हतं. थंडीच्या दिवसांत, उपाशी पोटी ती माणसं दुपार उलटेपर्यंत लढली.

पानिपतावर बोलताना लोक म्हणतात, बाजारबुणग्यांचं ओझं झालं. यात्रेकरू होते, बायकामुलं होती, तीर्थं करायची म्हणून निघालेली माणसं होती, आणि त्यांचं ओझं झालं हे खरंच आहे. पण यात्रेकरू आणि रसदवाले यांना एकाच शब्दात कोंबून आपण मोठा अन्याय केला. एकजण खाणारा होता आणि दुसरा खायला आणणारा. आणणाऱ्यांची वाट तुटली म्हणून सगळे मेले, आणि दोष मात्र आणणाऱ्यांच्याच नावावर चढला.

हे वाचत असताना एक तारीख समोर आली आणि मी थबकले. आबा ज्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे ए.एस.सी.त होते, तिचा स्थापना दिवस ८ डिसेंबर. साल १७६०. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालच्या फौजेत रसदेच्या व्यवस्थेचा पाया त्या दिवशी पडला, असं कोअर मानते. म्हणजे पानिपतावर आपली माणसं उपाशी बसली होती, दोआबात गोविंदपंत पडले, त्याच महिन्यात तिकडे पूर्वेला दुसरी एक फौज शिध्याचा हिशेब कागदावर बसवत होती. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, हे मला समजतं. तरीही त्या दोन तारखा एका ओळीत लिहून मी बराच वेळ बघत राहिले.

मग आठवलं की आपल्याकडे हे ज्ञान नव्हतं असं मुळीच नाही. पानिपताच्या ८८ वर्षं आधी, १६७३ च्या उन्हाळ्यात, शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या बाजूच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना एक पत्र लिहिलं आहे. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, म्हणून आपण ते पत्र सांगतो. पण पत्राचा मोठा भाग गवताबद्दल आहे. पावसाळ्यासाठी दाणा-वैरण साठवलेली आहे, ती आत्ताच बेहिशेब उधळलीत तर पावसात मिळणार नाही. मग घोडी मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही कुणब्याच्या घरी दाणे, भाकर, गवत, फाटी, भाजी आणायला जाल. मग जे कुणबी घर धरून जीव मात्र घेऊन राहिले आहेत, तेही निघून जातील. पुढे तर महाराज रात्रीच्या दिव्याबद्दल लिहितात. वात जळती ठेवलीत आणि उंदरानं ती पळवली, तर गंजीला आग लागेल. ज्या माणसानं इतकं मोठं राज्य उभं केलं, तो एका उंदराचा विचार करत बसला होता.

मी ते पत्र आबांना वाचून दाखवलं. त्यांना जुनी मराठी नीट कळेना, मी अर्थ सांगत गेले. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "हे तर आमचं विंटर स्टॉकिंग."

मग त्या दुपारी पहिल्यांदा आबा सलग बोलले. आई दोनदा चहा देऊन गेली, तरी थांबले नाहीत.

श्रीनगरहून लेहला जाणारा रस्ता सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. सोनमर्ग सोडलं की झोजिला, ११,५७५ फूट. आबांच्या नोकरीच्या काळात हा घाट वर्षातले पाच-सहा महिने बर्फाखाली असायचा. म्हणजे पलीकडच्या सगळ्या फौजेला हिवाळाभर जे जे लागेल ते उन्हाळ्यातच वर जाऊन पडलं पाहिजे. आटा, तांदूळ, डाळ, साखर, चहा, तेल, दुधाची पावडर, डबाबंद भाजी, शेगडीला केरोसीन, गाड्यांना डिझेल, खेचरांना दाणा. त्याशिवाय दारूगोळा, औषधं, बूट, काटेरी तार, बंकरचे पत्रे. मे महिन्यात घाट उघडला की कॉन्वॉय सुरू. पहाटे अंधारात निघायचं, नाक्यावर कागद दाखवायचा, एका दिशेच्या गाड्या निघून गेल्या की दुसऱ्या दिशेच्या. चुकून मधे बंद पडलात, तर मागे शंभर गाड्या. "गाडी बंद पडली तर खाली ढकलायची," आबा म्हणाले, "पण रस्ता अडवायचा नाही. हे पहिल्या दिवशी शिकवतात."

१९७८ साली बंगळूरच्या सेंटरला रंगरूट म्हणून गेले, तेव्हा त्यांना सायकल सोडून कुठलंही वाहन येत नव्हतं. कोरेगाव तालुक्यातला पोरगा, त्याला वाटलं होतं बंदूक मिळेल. बंदूकही मिळाली, पण जास्त मिळाला तो शक्तिमानचा स्टिअरिंग. जबलपूरच्या कारखान्यात बनणारा तो ट्रक, पॉवर स्टिअरिंग वगैरे काही नाही, हेअरपिन वळणावर अक्षरशः उभं राहून फिरवायचा. आबांचे खांदे अजून तसेच आहेत. थंडीत डिझेल घट्ट व्हायचं, मग सकाळी टाकीखाली शेगडी धरून ते ऊब देऊन पातळ करायचं. टाकीखाली आग! मी घाबरून विचारलं, तर म्हणाले, "नाहीतर दुपार होईपर्यंत थांबावं लागतं. वरची पोरं दुपारपर्यंत थांबत नाहीत."

फौजेत लढणाऱ्या तुकड्यांना 'दात' म्हणतात आणि मागून पुरवठा करणाऱ्यांना 'शेपूट'. हा कुणी केलेला अपमान नाही, जगभरच्या सैन्यांत हीच भाषा आहे आणि दात किती, शेपूट किती याचं गणित सेनापती मांडत असतात. पायदळाच्या ब्रिगेडमध्ये साधारण तीन पलटणी, पण ती ब्रिगेड उभी राहते ती मागच्या लोकांवर. शिधा, इंधन आणि गाड्या ए.एस.सी.च्या. हत्यारं, दारूगोळा, कपडे आणि सुटे भाग ऑर्डनन्सचे, त्यांचं मूळ १७७५ चं. बिघडलेलं दुरुस्त करणारी ई.एम.ई., १५ ऑक्टोबर १९४३ पासूनची. शिवाय जखमींना उचलणारी मेडिकल, तारा ओढणारी सिग्नल्स, पूल बांधणारे इंजिनीअर, आणि घरून आलेलं पत्र पोचवणारी फौजी डाक. आमच्या घरी यायच्या आबांच्या आंतर्देशीय पत्रांवर गाव नसायचं, नुसतं '५६ ए.पी.ओ.' लिहिलेलं असायचं. लहानपणी मला वाटायचं, छप्पन्न नावाचं एक गाव आहे आणि माझे वडील तिथे राहतात.

१९९९ च्या मे महिन्यात आबा त्याच रस्त्यावर होते. द्रासच्या वरच्या तोलोलिंग शिखरावरून हमरस्ता सरळ दिसायचा. वर दुर्बीण घेऊन बसलेला माणूस खालच्या ट्रकवर तोफा लावून देऊ शकत होता. दिवसा हलणं अवघड, म्हणून रात्री जायचं. पुढचे दिवे बंद. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी.

"मग दिसायचं काय?" मी विचारलं.

"पुढच्या गाडीचा ठिपका."

फौजी ट्रकच्या मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो फुगीर गोळा असतो, डिफरन्शियलचा, तो पांढऱ्या रंगानं रंगवतात. त्याच्यावर वरून एक बारीक दिवा सोडलेला असतो, वर आडोसा केलेला, आकाशातून किंवा डोंगरावरून न दिसणारा. मागच्या ड्रायव्हरला तेवढा पांढरा गोल दिसतो. त्या गोलावर नजर ठेवून तो चालतो. त्याच्या गाडीच्या गोलावर त्याच्या मागचा. अशा साठ-सत्तर गाड्या एकामागून एक. "गोल मोठा झाला की अंतर कमी झालं, ब्रेक. गोल लहान झाला की पुढचा पुढे गेला, दाब. बाकी काही बघायचं नाही. गोळा पडला तरी नजर गोलावर." आबा दर आठवड्याला तो गोल स्वतः रंगवायचे. चिखल बसला की पुसायचे. तो आपल्यासाठी नसतो, मागच्यासाठी असतो, म्हणून दुसऱ्यावर सोपवत नसत.

१३ जूनला तोलोलिंग आपल्या हातात आलं, त्या रात्रीनंतर रस्त्याचा श्वास जरा मोकळा झाला, असं ते म्हणाले. कारगिलच्या सगळ्या युद्धात आपल्या तोफखान्यानं अडीच लाखांहून अधिक गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली, हा आकडा सगळीकडे छापलेला आहे. मी तो आधी वाचला होता, पण आकडा म्हणून. बोफोर्सचा एक गोळा चाळीस किलोंच्या वर भरतो. आबांनी पेन्सिल मागितली आणि वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला. एका गाडीत किती, एका रात्री किती गाड्या, परत खाली यायला किती तास. मग पेन्सिल ठेवली आणि म्हणाले, "शेवटच्या चढावर गाडी जात नाही. तिथून खेचर, आणि खेचर जात नाही तिथून माणूस. द्रासकडची गावची माणसं पाठीवर न्यायची. त्यांना तर कुणी शालही देत नाही." त्या संध्याकाळच्या कार्यक्रमाबद्दल ते एवढंच बोलले.

खेचरांचा विषय निघाला की मात्र आबांचा चेहरा उजळतो. ते स्वतः गाडीवाले, पण ए.एस.सी.त खेचरांच्या कंपन्या आहेत आणि त्यांच्या गोष्टी सगळ्या कोअरला पाठ असतात. पेडोंगी नावाची एक खेचरी १९७१ च्या युद्धात पाकिस्तान्यांच्या हाती लागली. त्यांनी तिच्या पाठीवर मशीनगन आणि दारूगोळा लादला. ती संधी साधून निघाली आणि लादलेल्या मशीनगनसकट आपल्या ठाण्यावर चालत परत आली. पुढे कित्येक वर्षांनी, १९९२ साली, तिला समारंभानं निळ्या मखमलीची झूल पांघरली. आबा हे सांगताना 'ती मॅडम' म्हणतात.

त्याहून जुनी एक गोष्ट मीच त्यांना सांगितली, ती त्यांना माहीत नव्हती. १९३९ च्या डिसेंबरात खेचरांच्या चार भारतीय कंपन्या मुंबई बंदरातून बोटीत चढल्या आणि मार्सेयला उतरल्या. ब्रिटिश फौज मोटारींवर गेली होती, पण फ्रान्सच्या चिखल-बर्फात मोटारी अडतील तेव्हा जनावर लागेल, म्हणून हे बोलावणं. पुढच्या वर्षी डंकर्कच्या किनाऱ्यावर जी माणसं बोटींची वाट बघत उभी होती, त्यांत ही आपल्याकडची माणसंही होती. एक कंपनी जर्मनांच्या कैदेत गेली. बाकीची सुटली, पण खेचरं तिथेच सोडून यावं लागलं. आबांनी विचारलं, "कुणाच्या हवाली केली?" मला उत्तर देता आलं नाही.

आमच्या गावाकडे म्हातारी माणसं कुणी बराच काळ परतलं नाही की 'बसऱ्याला गेलाय का' म्हणतात. पहिल्या महायुद्धात साताऱ्याच्या घराघरांतून माणूस गेला. अपशिंगे मिलिटरी गावच्या एकट्या स्मारकावर ४६ जणांचा हिशेब आहे. त्यांतलीच माणसं मुंबईहून बोटीनं इराकमधल्या बसऱ्याला आणि तिथून टायग्रिस नदीच्या काठानं वर वर गेली. सेनापती पुढे धावला, बोटी आणि दवाखाने मागे राहिले. कुट अल-अमाराच्या वेढ्यात ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत जी फौज अडकली, तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. शिधा संपला. घोडे मारून खायची वेळ आली. विमानातून पिठाची पोती टाकून पाहिली, इतिहासातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी तो एक, पण पोती पुरली नाहीत. शेवटी शरणागती. पुन्हा पोटच. दीडशे वर्षांनी, हजारो मैलांवर, पुन्हा मराठी माणूस रसद न आल्यामुळे हरला.

१९६२ च्या ऑक्टोबरात चीनच्या सीमेवर नामका चू नदीच्या काठी आपल्या सातव्या ब्रिगेडचं तेच झालं. रस्ता नाही, म्हणून विमानातून सामान टाकायचं. छत्र्या दऱ्यांत गेल्या, पोती फुटली, जवान उन्हाळी कपड्यांत मोजक्या गोळ्या घेऊन बसले. इंफाळला १९४४ मध्ये हेच उलटं घडलं होतं. जपानी सेना सुमारे तीन आठवड्यांचा शिधा घेऊन डोंगर ओलांडून आली, वेढ्यातल्या आपल्या फौजेला विमानं महिनोन् महिने पुरवत राहिली आणि परत फिरताना जपानी सैनिक वाटेत भुकेनं गळून पडले. माझ्या वडिलांच्या कामाला शेपूट म्हणा, पण शेपूट तुटल्यावर दातांचं काय होतं हे या चार जागांवर मी पाहिलं. आता कुणी मला पानिपताबद्दल भावनेनं सांगू लागलं, की मी आधी विचारते, धान्य किती होतं?

मला हे सगळं पुस्तकातून कळलं, पण खरं तर ते माझ्या डोळ्यांसमोर रोज चालू होतं. आमचे तात्या, आबांचे धाकटे भाऊ, वाशीच्या बाजार समितीत दाणा मार्केटला माथाडी होते. एकाच घरातले दोन भाऊ. एक भरतीत पास झाला, दुसरा छातीच्या मापात अर्ध्या इंचानं राहिला आणि मुंबईची एस.टी. पकडून मशीद बंदरला आला. पुढे बाजार इकडे नवी मुंबईत हलला, तसे तेही. पाठीवर पोतं, हातात पोती ओढायचा लोखंडी आकडा, कमरेला गमछा. सातारा-सांगलीच्या कितीतरी घरांत असंच आहे. एक भाऊ सरहद्दीवर, एक भाऊ बाजारात. १९६९ चा माथाडी कायदा झाला तेव्हा कुठे या पाठींना पगारपत्रक, फंड आणि औषधपाणी मिळालं. आम्ही राहतो ती कोपरखैरण्याची वसाहतसुद्धा त्यांच्यामुळेच.

आबा निवृत्त होऊन २००२ साली इथे आले तेव्हा पहिले काही महिने त्यांना करमेना. तात्या त्यांना पहाटे बाजारात घेऊन जायला लागले. तिथे मात्र आबा रमले. लासलगावकडून आलेला कांदा, आग्र्याचा बटाटा, इंदूरकडची डाळ, गेटवर रांगेत उभ्या गाड्या, टोळीचा मुकादम, वाराईचा, म्हणजे माल उतरवायच्या मजुरीचा वाद, चहाचे ग्लास. आबा गाडीभोवती फेरी मारायचे. ताडपत्रीची दोरी कुठे सैल आहे, टायर कुठे खाल्लाय, ओझं मागे जास्त झालंय का, ते न विचारता सांगायचे. ड्रायव्हर आधी वैतागत, मग ऐकत. तात्या म्हणायचे, "दादा, हे फौजेचं नाही, बाजाराचं आहे." आबा म्हणायचे, "पोटाला काय कळतंय?"

मे २०२० मध्ये साथीमुळे बाजार समिती आठवडाभर बंद ठेवली होती. ती शांतता मला आठवते. गॅलरीत उभं राहिलं की एरवी रात्रभर ठाणे-बेलापूर रस्त्याकडून गाड्यांची घरघर यायची, ती थांबली. आबा रात्री दोन वाजता उठून गॅलरीत जायचे. मी एकदा पाण्याला उठले तर तिथेच उभे होते. काय झालं विचारलं, तर म्हणाले, "कॉन्वॉय थांबलाय. मुंबईत दीड कोट माणूस बसलंय." आठवड्यानं पहाटे पहिल्या गाड्यांचा आवाज आला, तेव्हा त्यांनी मला हाक मारून उठवलं. मी चिडले होते. आज वाटतं, त्या रात्री त्यांच्याशेजारी थोडा वेळ उभं राहायला हवं होतं.

तात्या मागच्या वर्षी गेले. त्यांचा आकडा आबांनी मागून घेतला. तो आता आबांच्या मेडलांच्या पेटीत आहे, कापडात गुंडाळलेला. पेटीत आधी काय काय होतं ते मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. दोन-तीन मेडलं, सेंटरचा एक फोटो, कोअरचं ब्रीद कोरलेला पितळी बिल्ला, 'सेवा अस्माकं धर्मः', आणि एक छोटी डायरी. तिच्यात युद्धाचं एक अक्षर नाही. तारीख, कुठून कुठे, किती किलोमीटर, काय भरलं, किती भरलं. जून १९९९ च्या पानांवरही तेवढंच. '१४ जून. केरोसीन. पोचलं.' '१७ जून. आटा, साखर. पोचलं.' एका पानावर आमचं गाव आणि माझं नाव, शेजारी 'दहावी निकाल', आणि पुढे प्रश्नचिन्ह. त्या रात्रीही त्यांनी पुढच्या गाडीचा ठिपका बघत घाट उतरला असेल.

गेल्या ८ डिसेंबरला मी सुट्टी घेतली. आबांना सांगितलं, आज तुमच्या कोअरचा दिवस, काय करूया? त्यांना माझ्या लक्षात राहिल्याचंच नवल वाटलं. आईनं फौजेच्या लंगरात, म्हणजे स्वयंपाकघरात, करतात तसे शंकरपाळे केले, जाड आणि थोडे कडक. आबांनी त्यांतले मूठभर कागदात बांधले आणि बाजारात तात्यांच्या टोळीला देऊन आले. दुपारी माझा मुलगा नवी सायकल घेऊन खाली निघाला होता. त्याला आता एकट्यानं ट्यूशनला जायचंय, येताना अंधार होतो. आबांनी त्याला थांबवलं. माळ्यावरून पांढऱ्या ऑइलपेंटचा जुना डबा काढला, झाकण स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटलं, बारीक ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून मऊ केला. मग खाली मांडी घालून बसले आणि सायकलच्या मागच्या मडगार्डवर, हात न कापता, एक गोल काढला.

"हे कशाला आबा? रिफ्लेक्टर आहे की," तो म्हणाला.

"असू दे," आबा म्हणाले. "मागच्याला दिसतो. वाळेपर्यंत हात लावू नकोस."